भविष्यकाळ कुणाच्या मालकीचा?

काळा सुपरहिरो म्हटलं की 'ब्लॅक पँथर' आठवतो. २०१८ च्या चित्रपटाने काळ्या पोरांना पडद्यावर आपला राजा दाखवला, हे मोलाचंच. पण १९६६ साली कॉमिक्समध्ये हे पात्र जन्माला घातलं ते स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोन गोऱ्यांनी. नायक काळा, लेखणी गोऱ्याची! शिवाय असा चित्रपट काढायला कोट्यवधी डॉलर लागतात. ते नसतील तर स्वप्नच पाहायचं नाही काय?

केनियाच्या वानुरी काहियू यांनी २००९ मध्ये 'पुम्झी' हा वीसेक मिनिटांचा लघुपट केला. पाण्यासाठीच्या महायुद्धानंतरचं जग. माणसं घाम आणि लघवी शुद्ध करून पितात. स्वप्न पडलं तर ते दाबणारी गोळी घ्यावी लागते. आशा नावाच्या तरुणीला झाडाचं स्वप्न पडतं. बाहेर जायची परवानगी नाकारली जाते, तरी ती निसटते आणि वाळवंटात रोप लावून उरलेलं सगळं पाणी त्याला घालते. तिच्या अंगावर ना चिलखत, ना मुखवटा. मला ती कुठल्याही सुपरहिरोपेक्षा मोठी वाटते. सत्तेला स्वप्नाची भीती का वाटते, हे त्या एका गोळीत कळतं.

काही कार्यकर्ते म्हणतील, माणसं मरताहेत आणि तुम्ही रोबोट काय दाखवता? त्यांनी किब्वे टव्हारेस यांचा 'रोबोट्स ऑफ ब्रिक्स्टन' (२०११) पाहावा. लंडनच्या ब्रिक्स्टन वस्तीत हलकी कामं करणारे रोबोट राहतात आणि पोलीस त्यांच्यावर तुटून पडतात. हा १९८१ चा ब्रिक्स्टनचा उठाव आहे. तेव्हा पोलिसांनी काही दिवसांत सुमारे हजार लोकांना रस्त्यात अडवून झडत्या घेतल्या होत्या, त्यात बहुसंख्य काळे तरुण होते. भविष्याची गोष्ट सांगता सांगता हा लघुपट इतिहासाचा हिशेब मागतो. याला पळवाट कसं म्हणायचं?

'आफ्रोफ्युचरिझम' हा शब्द १९९३ च्या सुमारास मार्क डेरी या गोऱ्या समीक्षकाने रूढ केला. पण सन रा यांच्यासारखे काळे कलावंत त्याआधी कितीतरी वर्षं तेच करत होते. ज्यांचा भूतकाळ पुसला गेला, त्यांनी भविष्यावर हक्क सांगितला.

आपल्या पोरांच्या हातातही आता कॅमेरा आहे. ते अत्याचार दाखवतात, दाखवलेच पाहिजेत. पण जात संपल्यानंतरचं गाव कसं दिसेल? तिथल्या विहिरीवर, शाळेत, लग्नात काय घडेल? हे आपण नाही दाखवलं, तर दुसरे त्यांच्या सोयीचं भविष्य आपल्या गळ्यात मारतील.

१९७२ साली आपण काळ्या बांधवांकडून 'पँथर' हे नाव घेतलं. आता त्यांच्याकडून उद्याचं चित्र काढायची हिंमतही घेऊ.

जय भीम!