चौदाशे वर्षांचे खापर



गेल्या अंकातील इराकवरच्या लेखात ‘शिया-सुन्नी चौदाशे वर्षे भांडतच आले आहेत’ असे ठोकून दिले आहे. असे म्हटले की राजकारणी अलगद सुटतात. 680 साली करबलात प्रेषितांच्या नातवाची हत्या झाली, तिची आठवण आजही जिवंत आहे, हे खरेच; पण मतभेद म्हणजे कत्तल नव्हे. 1980 ते 1988 च्या युद्धात शियाबहुल इराणशी लढणाऱ्या इराकी पायदळात बहुसंख्य शियाच होते. बगदादमध्ये शिया-सुन्नी सोयरिकीचे कुणाला फारसे नवल नव्हते.

इराकचा हुकूमशहा सद्दामने 1991 चा दक्षिणेतला शियांचा उठाव निर्दयपणे चिरडला. पण पंथावर सरकारी शिक्का बसला तो 2003 मध्ये. सद्दामला हटवून अमेरिकेने नेमलेल्या 25 जणांच्या प्रशासकीय परिषदेत 13 शिया, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द, 1 तुर्कमेन, 1 ख्रिस्ती अशी वाटणी झाली. कम्युनिस्ट पक्षाचा नेताही शियांच्या कोट्यात मोजला गेला! पुढे मंत्रालयेही तशीच वाटली गेली. मग रस्ते, वीज यांवर मते कोण मागणार? फेब्रुवारी 2006 मध्ये समाराच्या, शियांना पवित्र असलेल्या अस्करी दर्ग्यात स्फोट झाला. त्यानंतर नाक्यानाक्यांवर ओळखपत्रावरचे नाव वाचून माणसे मारली गेली. ‘उमर’ या सुन्नी नावाचे लोक खोटी ओळखपत्रे खिशात ठेवू लागले.

2019 मध्ये बगदाद, नासिरिया, बसरा इथे रस्त्यावर उतरलेले तरुण बहुतांश शियाच होते आणि सरकारचे नेतृत्वही शियांकडेच होते. ही पंथवार वाटणी बंद करा, अशी त्यांची मागणी होती. लेखात या आंदोलनाला एक ओळही नाही.

— एक वाचक, सांगली