छाटायला हात धजत नाही...

आमच्या भिंगारच्या घरी येऊन गेलेल्यांना पायऱ्यांशेजारचा वेली गुलाब आठवत असेल. १९९८ साली ह्यांनी लावलेला, गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचलेला. गेल्या ऑक्टोबरात तो तिथून हलवावा लागला. ह्यांची व्हीलचेअर अंगणात नेण्यासाठी उतार बांधायचा होता आणि जागा नेमकी तेवढीच होती.

सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणालं, "इतकं जुनं झाड जगत नसतं, तोडा आणि नर्सरीतून नवं आणा." कुणी म्हणालं, "हलवा, पण फांद्यांना हात लावू नका, त्याला आधीच त्रास." माझं मत दोन्हींपेक्षा वेगळं आहे. जुना गुलाब हलवता येतो. पण ज्याला तो छाटवत नाही, त्याने हलवू नये.

हे अनुभवाचे बोल आहेत, मंडळी. पूर्वी एकदा मी असाच एक वेल भर मे महिन्यात फुलांसकट हलवला होता. आठ दिवसांत वाळला. तेव्हा उन्हाला बोल लावून मोकळी झाले, पण ऊन तर दरवर्षीच असतं. खोदताना बरीचशी मुळं तुटतात. उरलेल्या चार मुळांनी एवढ्या पानांना पाणी पुरवायचं कुठून? फुलं वाचवायच्या नादात मी झाड घालवलं.

म्हणून या खेपेला घाई केली नाही. सप्टेंबरात बुंध्यापासून दीड फुटावर गोल चर मारून बाहेरची मुळं तोडून ठेवली, म्हणजे आतल्या आत बारीक मुळं फुटतात. नवा खड्डाही आधीच खणला. आमच्या जवळच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू १९४२ ते १९४५ कैदेत होते. तिथे लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त त्यांनी फुलांचे वाफे खणल्याचं सांगितलं आहे. जमीन दगडगोट्यांची आणि जुन्या बांधकामाच्या राड्यारोड्याची. आमच्या खड्ड्यातूनही तेच निघालं! ते उपसून चांगली माती आणि जुनं शेणखत भरलं.

मग छाटणीचा दिवस आला. कात्री घेऊन उभी राहिले आणि हात धजेना. सत्तावीस वर्षांच्या फांद्या! हे दारात खुर्चीवर बसून बघत होते. आजारपणानंतर ह्यांना बोलायला वेळ लागतो. म्हणाले, "खाली... अजून खाली. दोन फूट ठेव." ज्याने लावला त्यानेच सांगितलं, मग मी कापत गेले.

आदल्या दिवशी पाणी दिलेलं असल्याने मातीचा गड्डा फुटला नाही. गोणपाटात बांधून दोघांनी उचलून नेला. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील असा बसवला, पाणी दिलं, आठ-दहा दिवस सावली केली. खत मात्र लगेच घातलं नाही.

तीन आठवड्यांनी कोंब दिसले. एक सांध्याच्या खालून आला, म्हणजे रानगुलाबाचा. तो मुळापासून काढला. बाकीचे चार वर चाललेत. यंदा भिंत उघडीच राहणार, फुलांची आशा पुढच्या वर्षी.

येणारी मंडळी ती उघडी भिंत बघून हळहळतात. मला वाटतं, सगळं पूर्वीसारखंच राहिलं पाहिजे हा हट्ट झाडाला पेलत नाही. माणसाला तरी कुठे पेलतो? ह्यांनी ते माझ्या आधी ओळखलं. संध्याकाळी आता हे उतारावरून अंगणात येतात आणि कोंब मोजतात.

असो. छाटलेल्या फांद्यांच्या काड्या कुंड्यांत लावल्या होत्या, त्यांतल्या तीन लागल्या आहेत. भाचेमंडळींपैकी कुणाला हव्यात ते कळवा. न्यायला मात्र मे महिन्यात येऊ नका!