शाळा जूनमध्ये आणि होड्या किनाऱ्यावर

बहुजन समाजाची मुले शाळेतून का गळतात, असा प्रश्न निघाला की पांढरपेशा मंडळींजवळ उत्तर तयार असते: आईबापांस शिक्षणाची गोडीच नाही! हे उत्तर देणाऱ्या गृहस्थांनी जून महिन्यात एकदा वरळी कोळीवाड्यात यावे, अशी आमची त्यांस विनंती आहे. यांत्रिक होड्यांस १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीची सरकारी बंदी असते. बिनयंत्राच्या होडीस बंदी नसली तरी पावसाळी दर्या तिला बाहेर पडू देत नाही. बंदी रास्तच आहे. त्या दिवसांत मासळी अंडी घालते, ती राखली नाही तर पुढे कोळ्यावरच उपासमारीची पाळी येईल. परंतु ह्याच जूनच्या मध्यास शाळा उघडतात. वह्या, दप्तर, अकरावीच्या प्रवेशाची फी, सारे ह्याच दोन महिन्यांत दारात उभे राहते, आणि घरात आवक नाही. मग बाप व्यापाऱ्याकडून उचल घेतो. ऑगस्टात जाळ्यात येणारी मासळी अशी जूनमध्येच गहाण पडते, आणि भाव व्यापारी ठरवील तो! पुढच्या जूनपर्यंत देणे फिटले नाही की थोरला मुलगा खलाशी म्हणून होडीवर चढतो. आई पाटी घेऊन बाजारात बसते, तेव्हा धाकट्या भावंडांस सांभाळावयास मुलगी घरी राहते.

शेतकरी बंधूंनो, हे तुम्हांस परके वाटू नये. बियाण्याची व खताची ओढाताण तुमच्याही घरी जूनमध्येच असते. पावसात कुंभाराची भट्टीही थंड पडते. ज्यांच्या हाती दर महिन्यास पगार पडतो, त्यांच्याच सोयीने शाळेच्या खर्चाचे दिवस आखल्यासारखे दिसतात.

आता ह्या मुलांस बुद्धीच कमी, असे कोणी म्हणेल, तर त्यास पुलाच्या खांबांची हकीकत ऐकवावी. वरळीजवळ सागरी किनारा मार्गाच्या पुलाचे खांब महानगरपालिकेने ६० मीटरच्या अंतराने आखले. कोळी म्हणाले, वारा व पाण्याची ओढ असता इतक्या फटीतून होडी काढावयास गेलो तर ती खांबावर आपटेल. त्यांचे म्हणणे पालिकेस लवकर पटेना. त्यांनी नेट सोडला नाही, आणि शेवटी ते अंतर १२० मीटर करणे भाग पडले. उधाण-भांगाचे हे गणित कोळ्याचे पोर बापाजवळ बसून लहानपणीच शिकते. परीक्षेत त्यास त्याचा एक गुणही मिळत नाही. त्या पोरास पदवीपर्यंत शिकू दिले असते तर आराखडा काढणाऱ्यांच्या मेजाशी ते पहिल्याच दिवशी बसले असते, आणि खांब पुन्हा मोजण्याची पाळी पालिकेवर न येती. म्हणजे नुकसान केवळ कोळ्याचे झाले असे नव्हे.

ह्याच वाड्याच्या पलीकडे सागरी सेतूवरून २००९ सालापासून मोटारी धावत आहेत. त्या मोटारींतली मुले व वाड्यातली मुले पाचव्या वर्षी सारखीच हुशार असतात. पुढे एका घरी बापाची शिल्लक मुलाकडे येते, दुसऱ्या घरी बापाचे देणे.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे स्पष्ट मांडले की, सरकारचा वसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गास मिळतो. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. साऱ्या देशास असा कायदा लागू होण्यास २०१० साल उजाडले, आणि तोही चौदाव्या वर्षी मुलाचा हात सोडतो. होडीवर कामास लावण्याजोगे वय नेमके तेच! मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारने २०२४ साली माफ केली, ही चांगली गोष्ट झाली; पण जी मुलगी नववीतच घरी बसली, तिला त्या माफीचा उपयोग काय?

२०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी गरीब मच्छीमारास सरकारचे ३ हजार व त्याचे स्वतःचे दीड हजार अशी तीन महिन्यांची तजवीज सांगितली आहे. महिन्यास दीड हजार! मुंबईत एवढ्यात चूल पेटवावी की दप्तर घ्यावे, हे योजना आखणाऱ्यांनीच सांगावे.

आमच्या कोळी बंधूंसही दोन शब्द सुनावल्यावाचून राहवत नाही. हळदीच्या एका रात्री मांडव व बेंजो ह्यांवर जो पैसा उडतो, तोही पुष्कळदा उचलीचाच असतो. त्यात मुलाच्या वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागून उरेल. मुलगा होडीवर गेला म्हणजे त्याचा दोष सगळा शेटजीच्या माथी मारता येणार नाही.

सरकारने शिष्यवृत्तीचा पैसा वर्ष सरता सरता न देता शाळा उघडण्यापूर्वी, मे महिन्यात द्यावा. मच्छीमार सोसायट्यांनी ऑगस्टपासून दर फेरीमागे थोडी रक्कम मुलांच्या नावे बाजूस काढावी व मे अखेरीस ती आईच्या हाती ठेवावी. बापाच्या हाती का नको, हे आमच्या वाचक भगिनी जाणतात. नारळी पौर्णिमेस सारा वाडा बंदरावर जमतो. हा हिशेब त्याच दिवशी सुरू करावा.