‘गैरहजर’ रकान्यातली लेकरं

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण आपल्या जिल्ह्यातल्या लेकरांची आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षातून तीन चाचण्या होतात. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, दिवाळीच्या आगंमागं संकलित एक आणि एप्रिलात संकलित दोन. 2023-24 पासून ही ‘नियतकालिक मूल्यांकन चाचणी’ सुरू झाली, तेव्हा ती तिसरी ते आठवीला होती. विषय तीन : प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. पेपर पुण्याहून छापून येतात. घेणारे गुरुजी, तपासणारे गुरुजी आणि मोबाईलवर गुण भरणारेही गुरुजीच. गुण विद्या समीक्षा केंद्राकडं गेले की तिकडं स्क्रीनवर रंगीत आलेख निघतात.

आता बीड जिल्ह्याचं कॅलेंडर बघा. पायाभूतला लेकरं वर्गात असतात. दसरा-दिवाळी झाली की गावोगाव ट्रक-ट्रॅक्टर लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला आई-बापाला कोयता घेऊन जावंच लागतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, थेट बेळगावपर्यंत. ज्या घरात लेकराला सांभाळायला म्हातारं माणूस नाही, त्या घरातलं लेकरू टोळीबरोबर जातं. तिथं फडावर धाकट्या भावाला सांभाळतं, वाढं गोळा करतं, कोपीपुढं बसून राहतं. पट्टा पडला की घरी येतं. तो कधी पडेल ते कारखाना ठरवतो. 2021-22 ला ऊस इतका होता की मराठवाड्यातले कारखाने जूनपर्यंत चालले.

म्हणजे ज्या पाच-सहा महिन्यांत शिकवलं त्याचं मोजमाप एप्रिलात होतं, त्याच महिन्यांत आपलं लेकरू वर्गात नव्हतं. एप्रिलात आलंच तर जे ऐकलंच नाही त्याचा पेपर त्याच्यापुढं पडतो. नाही आलं तर त्याच्या नावापुढं ‘गैरहजर’ लागतं.

सगळी मेख या ‘गैरहजर’ शब्दात आहे. साधं गणित करू. समजा चौथीच्या पटावर 20 लेकरं आहेत. 12 हजर, 8 उसाला. हजर असलेल्या 12 जणांची सरासरी आली 60 टक्के. ते 8 जण पेपरला बसले असते आणि त्यांना 30 टक्के पडले असते, तर वर्गाची सरासरी झाली असती 48. आलेखात कोणता आकडा जाईल? 60. म्हणजे सगळ्यात गरीब घरची लेकरं वर्गात नसली की शाळा हुशार दिसते! ज्या चाचणीत लेकरू हरवल्यानं निकाल सुधारतो, त्या चाचणीला गुणवत्तेचं मोजमाप कसं म्हणायचं?

मी शाळा व्यवस्थापन समितीवर होतो. एका बैठकीत विचारलं, की पटावरच्या किती लेकरांना दुसरीचा धडा धड वाचता येतो? माझ्यापुढं सरासरीचा कागद आला. मी पुन्हा विचारलं. मग टक्केवारीचा कागद आला. माणसं वाईट नव्हती. वरून जे विचारलं जातं त्याचंच उत्तर त्यांच्याकडं तयार होतं. मी विचारलेला प्रश्न वरून कुणी विचारतच नव्हतं.

आता दोन्ही बाजूंच्या मित्रांना दोन शब्द.

काही शिक्षक मित्र म्हणतात, या चाचण्या बंदच करा, आम्हाला शिकवू द्या. त्यांचा वैताग मला कळतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून गुरुजींना दुसरं अशैक्षणिक काम द्यायचं नाही. प्रत्यक्षात पोषण आहाराच्या हिशोबापासून रोज नव्या लिंकपर्यंत सगळं त्यांच्याच माथी. तरी चाचणी बंद करा, हे मला मान्य नाही. तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळा नि शिकवणी परवडणाऱ्या घराला लेकराची प्रगती सांगायला दहा जण असतात. ऊसतोड्याच्या लेकराला वाचता येतंय का हे बघणारी एकच जागा आहे, ती म्हणजे ही शाळा. तिनंही बघायचं सोडलं, तर ते लेकरू थेट दहावीच्या दारात जाऊन आपटेल.

दुसरे मित्र म्हणतात, चाचण्या अजून कडक करा, शाळांचे क्रमांक लावा, निकाल कमी तिथं नोटीस द्या. त्यांनी अमेरिकेकडं बघावं. तिथं 2001 च्या कायद्यानं गुणांवर शाळांचं भवितव्य ठरू लागलं. पुढं अटलांटा शहरात चौकशी झाली. 2011 च्या अहवालात तपासलेल्या 56 पैकी 44 शाळांत गैरप्रकार सापडले. मोठ्या माणसांनी लेकरांच्या उत्तरपत्रिकेतली चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली होती. 2015 ला 11 जण दोषी ठरले. आकड्यावर नोकरी टांगली की माणूस आकडा सांभाळतो, लेकरू नाही. आणि आपल्याकडं तर पेपर घेणारा, तपासणारा आणि गुण भरणारा एकच आहे! 2015 च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं तेव्हाही पायाभूत आणि संकलित चाचण्या होत्याच, शाळा ‘प्रगत’ करायची घाईही होती. शाळा प्रगत झाल्या म्हणतात. मग 2025 च्या मार्चमध्ये दुसरी ते पाचवीच्या लेकरांना लिहिता-वाचता यावं म्हणून ‘निपुण महाराष्ट्र’चा नवा कृती कार्यक्रम का काढावा लागला?

मोजायचं कसं, हे अवघड नाही. ‘असर’वाले 2005 पासून मोजतायत. ते लेकराच्या घरी जातात. एक अक्षरांचा, शब्दांचा, उताऱ्याचा आणि दुसरीच्या पातळीच्या गोष्टीचा कागद असतो. एक हातच्याची वजाबाकी, एक भागाकार. पाच-दहा मिनिटांचं काम. 2024 च्या त्यांच्या अहवालात देशातल्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या लेकरांपैकी 44.8 टक्क्यांनाच दुसरीचा धडा वाचता आला. निम्म्यापेक्षा जास्त लेकरं पाचवीत बसलीत आणि दुसरीचं पुस्तक बंद आहे. हा आकडा वाईट आहे, पण घरी जाऊन काढलेला आहे, म्हणून त्याचा उपयोग आहे.

तर माझ्या मागण्या चार आहेत.

एक. प्रत्येक निकालात तीन आकडे शेजारी शेजारी लिहा : पटावर किती, चाचणीला किती, वाचता येतं किती. टक्केवारी पटावर काढा, हजेरीवर नाही.

दोन. उसावरून आलेल्या प्रत्येक लेकराची, ते ज्या दिवशी शाळेत येईल त्या आठवड्यात, वेगळी तोंडी चाचणी घ्या. जूनपासून त्याला इयत्तेप्रमाणं नाही, पातळीप्रमाणं शिकवा. ही मेहेरबानी नाही. कलम 9 मध्ये स्थलांतरित कुटुंबातल्या लेकरांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. नुसतं नाव पटावर ठेवलं म्हणजे प्रवेश होत नाही.

तीन. वर्गातली चाचणी गुरुजींच्या कामासाठी राहू द्या, तिचा क्रमांक लावू नका. जिल्ह्याचा आकडा काढायचा तर काही शाळा चिठ्ठी टाकून निवडा आणि दुसऱ्या केंद्राच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. बक्षीस नको, नोटीस नको. खरा आकडा द्या.

चार. हंगामी वसतिगृह दसऱ्याच्या आत सुरू करा. आई-बापाला निघायच्या आधी दिसलं पाहिजे की लेकराला गावातच दोन वेळचं जेवण आणि शाळा आहे. ट्रक गेल्यावर आलेल्या मंजुरीचं काय करायचं? लेकरू गावात राहिलं तर चाचणीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

यातल्या पहिल्या मागणीला ना निधी लागतो, ना जीआर. एक जादा रकाना लागतो. तोही मिळत नसेल, तर लपवायचं काय आहे हे आपण समजून घ्यावं.

आणि आपल्यासाठी एक काम. 1 मे ला शाळेत निकाल लागतो आणि त्याच दिवशी ग्रामसभाही असते. गेवराई असो, धारूर असो, पाटोदा, वडवणी की शिरूर, आपापल्या गावच्या ग्रामसभेत उभं राहून हे तीन आकडे मागा. गुरुजींना कोंडीत पकडायला नाही, त्यांच्या बाजूनं उभं राहायला मागा. आकडा कमी आला तर टाळ्या पिटू नका, विचारा की काय लागतंय. आकडे मिळाले तर खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासह टाका. नाही मिळाले तर तेही टाका.

साखरेच्या पोत्यावर वजन लिहिलेलं असतं, किलोला किलो. ती साखर तोडणाऱ्याच्या लेकराला वाचता येतं का, एवढं तरी या जिल्ह्यानं खरं खरं लिहून ठेवावं.