मयत खातेदाराला नोटीस

माझी मावशी वारली, हे बँकेला मान्य होतं. मृत्यूचा दाखला हातात पडताच त्यांनी तिचं एटीएम कार्ड बंद केलं, खात्यातून एक रुपया निघणार नाही अशी व्यवस्था केली. आणि मावशी वारली हे त्याच बँकेला मान्य नव्हतं, कारण पुढच्या तिमाहीत किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल तिला दंड झाला. दंडावर 18 टक्के जीएसटी. शिवाय एसएमएसचं शुल्क, 17 रुपये 70 पैसे.

हे एसएमएस कसले, असं मी विचारलं. शिल्लक कमी पडली आहे, महिनाभरात भरा, अशी आगाऊ सूचना दिली होती म्हणे, अगदी नियमाप्रमाणे. कुणाला दिली? रजिस्टर्ड मोबाइलवर. म्हणजे मयत बाईला सूचना दिली, तिनं ती मनावर घेतली नाही म्हणून दंड केला, आणि सूचना देण्याचा खर्चही तिच्याकडूनच वसूल केला.

"सिस्टीम कापते सर, आम्ही नाही कापत," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. बिचारा खरंच म्हणत होता. पण सिस्टीम काही आभाळातून पडलेली नाही. खातं गोठवायची आज्ञा तिला कुणीतरी दिली, शुल्क थांबवायची आज्ञा कुणी दिली नाही. पैसे बाहेर जाण्याच्या दारावर लगेच कुलूप लागतं आणि शुल्काची खिडकी सताड उघडी राहते, याला मी तांत्रिक चूक म्हणणार नाही. चूक असती तर कधीतरी ग्राहकाच्या बाजूनंही झाली असती.

सूचनेचा तो नियम रिझर्व्ह बँकेचा आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये काढलेला, एप्रिल 2015 पासून लागू झालेला. ग्राहकाला आधी कळवा, महिन्याची मुदत द्या, तूट असेल त्या प्रमाणातच दंड लावा, आणि निव्वळ या दंडापायी बचत खातं उण्यात नेऊ नका, असं त्यात म्हटलं आहे. हेतू असा की माणसाला सावरायला वेळ मिळावा. बँकेनं त्यातला हेतू गाळला आणि एसएमएस ठेवला.

दंड हे प्रकरणाचं शेपूट. मुख्य धड होतं खातं बंद करणं आणि मुदत ठेव मोडणं. दोन्हींवर नॉमिनी म्हणून माझं नाव. मावशीनं त्याच शाखेत बसून फॉर्मवर सही केलेली. तरी सुरुवातीला मला खातं बंद करण्याचा जो फॉर्म मिळाला, त्यात 'खातेदाराची सही' असा रकाना होता आणि तो रिकामा चालणार नव्हता. तो अडथळा संपला तेव्हा वारस दाखला आणा म्हणाले. मग इन्डेम्निटी बाँड, तोही पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, कारण महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा चालत नाही. सोबत दोन जामीनदार. मधल्या काळात एका साहेबांनी चहा मागवला आणि पैसे मिळाले की ते आमच्याकडेच विम्यात गुंतवा असं सुचवलं. त्या कामाला मात्र एकही कागद लागत नव्हता.

यातलं काहीही लागत नाही. जून 2005 पासून लागत नाही! नॉमिनी असेल तर मृत्यूचा पुरावा आणि नॉमिनीची ओळख एवढं पाहून 15 दिवसांत पैसे द्या; रक्कम कितीही असो, सक्सेशन सर्टिफिकेट, प्रोबेट, इन्डेम्निटी बाँड, जामीन मागू नका, असं रिझर्व्ह बँकेनं तेव्हाच लेखी सांगितलं आहे. खातेदार गेल्यावर ठेव मुदतीआधी मोडली तर दंडही लावायचा नाही. "पण उद्या दुसरा वारस उभा राहिला तर?" हा साहेबांचा हुकमी प्रश्न. उभा राहिला तर तो माझ्या दारात उभा राहील. नॉमिनी मालक नसतो, वारसांच्या वतीनं पैसे घेणारा विश्वस्त असतो. आणि कोर्टाची मनाई नसताना नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी. बँकिंग नियमन कायद्याच्या 45 झेडए कलमाचा हाच अर्थ. साहेबांना जी भीती वाटत होती ती कायद्यानं कधीच काढून टाकली होती. त्यांनी ती जपून ठेवली होती, कारण ती उपयोगी पडते.

ती कशी उपयोगी पडते, ते आकड्यांत पाहा. दहा वर्षं कुणी हक्क न सांगितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. मार्च 2024 अखेर त्या निधीत 78,213 कोटी रुपये होते. त्यातले सगळे काही कंटाळून परत फिरलेल्या वारसांचे नाहीत, कित्येकांना खात्याचा पत्ताच नसेल. पण दहा-पंधरा हजारांसाठी वकील, स्टॅम्प, जामीनदार आणि रजा हा हिशेब मांडून 'जाऊ दे' म्हणणारी माणसं माझ्याच नात्यात आहेत. दंडाचंही तेच. तीन-चारशे रुपयांसाठी कोण भांडतो? असे न भांडलेले रुपये साचून 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत एकट्या सरकारी बँकांकडे सुमारे साडेआठ हजार कोटी जमले, असं संसदेत सांगण्यात आलं. आणि स्टेट बँकेनं तर हा दंड 2020 मध्येच सोडून दिला होता. 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तो सोडला. त्यापायी एकाही बँकेचं दिवाळं वाजलं नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्ल्याशिवाय धंदा चालतो, हे सिद्ध झालं आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं नवे निर्देश काढले. सगळीकडे सारखे फॉर्म, तेच 15 दिवस, आणि बँकेमुळे उशीर झाला तर ठेवीवर बँक रेट अधिक चार टक्के व्याज. चांगलं आहे. पण पंधरा दिवस मोजायचे ते सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून, आणि 'सगळी' झाली की नाही हे सांगणार तेच काउंटर. मोजणी पहिल्या अर्जाच्या तारखेपासून करा, मृत्यूची नोंद झाली त्या मिनिटाला सगळी शुल्कं आपोआप थांबवा, आधी कापलेली व्याजासह परत करा. ज्या सिस्टीमला दंड आपोआप कापता येतो तिला हे जमणार नाही, असं निदान मला तरी सांगू नका.

मला अखेर पैसे मिळाले. बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला पत्र धाडलं, त्यात 2005 चं परिपत्रक जोडलं आणि तीस दिवसांनी लोकपालाकडे जाईन असं लिहिलं. त्यानंतर बाँडही नको झाला आणि जामीनदारही. दंड परत आला तो 'विशेष बाब आणि सदिच्छा म्हणून'. माझ्या मावशीच्या खिशातून काढलेले पैसे मलाच बक्षीस दिल्यासारखे. ते 17 रुपये 70 पैसे मात्र सदिच्छेत बसले नाहीत.

तुमच्यावर ही वेळ आली तर अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का साहेबांकडे आहे, साहेब मीटिंगला गेलेत, असं सांगतील. मग 'अर्ज घेण्यास नकार' एवढं त्याच कागदावर लिहून द्या म्हणा. शिक्का ड्रॉवरमध्येच असतो.