दोघांची बेटभ्रमंती : अंदमानला जा, घाई घरी ठेवा

दोघांच्या सुट्ट्या एकाच आठवड्यात जुळवणं ही हल्ली मोठी कसरत असते. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून, घरच्या जबाबदाऱ्या कुणावर तरी सोपवून एकदाचे निघालो की वाटतं, आता सगळंच पाहून घेऊ. नेमकी इथेच गडबड होते. पहाटे बोट पकडा, सामान टाका, फोटो काढा, पुन्हा बोट गाठा. त्यात एकाला डोंगर चढायचा असतो आणि दुसऱ्याला वाळूत नुसतं पडून राहायचं असतं. तिसऱ्या दिवशी दोघंही थकलेले आणि चिडलेले! म्हणूनच अंदमानचा बेत आखताना आधी ठिकाणांची नव्हे, दोघांच्या आवडींची यादी करा.

सात रात्री, तीन बेटं

नोव्हेंबर ते एप्रिल हा इथे जाण्याचा चांगला काळ. चेन्नई किंवा कोलकात्याहून विमानाने अडीच तासांच्या आसपास पोर्ट ब्लेअर गाठता येतं. २०२४ मध्ये या शहराचं नाव श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नील बेट शहीद द्वीप म्हणून ओळखलं जातं. बुकिंग करताना जुनी-नवी दोन्ही नावं दिसतात, गोंधळू नका.

पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, तीन स्वराज द्वीपवर, दोन शहीद द्वीपवर आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला, अशी वाटणी ठेवा. शेवटची रात्र गाळू नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही.

इथला सूर्य लवकर मावळतो

अंदमान देशाच्या पूर्वेला खूप दूर आहे, पण घड्याळ मात्र आपलंच चालतं. त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. 'जेवून, झोप काढून चारला निघू' असं ठरवलंत तर काळोखच हाती लागेल. फिरणं सकाळी उरका आणि संध्याकाळ गप्पांसाठी मोकळी ठेवा.

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल

१८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या मूळ सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. मराठी माणूस इथे थोडा जास्त वेळ रेंगाळतो. बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू दोघंही याच तुरुंगात होते. 'माझी जन्मठेप' वाचलं असेल तर त्या कोठडीसमोर बोलायला शब्द सुचत नाहीत. इथे सेल्फीची घाई नको. बंद असण्याचा दिवस आणि संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाची वेळ मात्र आधीच विचारून घ्या.

एक चालत, एक बोटीने

स्वराज द्वीपवरच्या एलिफंट बीचला जायला दोन मार्ग आहेत. राधानगरच्या रस्त्यावरून जंगलात शिरणारी सुमारे दोन किलोमीटरची पायवाट किंवा जेट्टीवरून बोट. पायवाटेला पाऊण तास पुरतो. उंच झाडं, मुळांच्या पायऱ्या आणि शेवटी एकदम समोर येणारं निळं पाणी! मात्र पावसानंतर तिथे भरपूर चिखल असतो. चांगली पकड असलेले बूट घाला, स्थानिक वाटाड्या सोबत घ्या आणि वाट खुली आहे का हे आदल्या दिवशीच विचारा.

समजा, तिला चालायचंय आणि त्याचे गुडघे कुरकुरतात. मग तिने जंगलातून जावं, त्याने बोटीने आणि किनाऱ्यावर दोघांनी भेटावं. प्रत्येक गोष्ट बरोबरच केली पाहिजे असं कुठे लिहिलंय? उलट थोड्या वेळाने भेटल्यावर सांगायला दोघांकडेही काहीतरी असतं.

संध्याकाळी राधानगर किनारा गाठा. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. पांढरी वाळू, मागे घनदाट झाडी. तिथे काहीच न करता बसणं हाच कार्यक्रम.

सायकलवरचं बेट

शहीद द्वीप छोटं आणि बरंचसं सपाट आहे. भाड्याच्या सायकली घेऊन भाताची शेतं, केळीच्या बागा बघत रमतगमत फिरता येतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली अनेक कुटुंबं इथे वसली. त्यामुळे ताटात माशाचा रस्सा आणि भात हमखास मिळतो. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त बघा. प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान मात्र ओहोटीच्या वेळीच नीट बघता येते, तेव्हा भरती-ओहोटीची वेळ हॉटेलमध्येच विचारून निघा.

परतताना पोर्ट ब्लेअरजवळ अजून चालायची हौस असेल तर चिडिया टापूहून मुंडा पहाडची छोटी चढण करा. ज्याला चढायचं नाही त्याने खाली किनाऱ्यावर बसावं.

हे लक्षात ठेवा

- रोख रक्कम जवळ असू द्या. छोट्या बेटांवर नेटवर्क दगा देतं.
- शंख, शिंपले, प्रवाळ उचलून आणू नका. परवानगीशिवाय ते नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.
- जारवा आदिवासींच्या राखीव भागातून जाताना फोटो काढणं, खाऊ देणं कायद्याने बंद आहे. ती माणसं आहेत, प्रेक्षणीय स्थळ नव्हे.
- काही ठिकाणी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. सूचना फलक असेल तिथे पाण्यात उतरू नका.
- बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी सोबत ठेवा आणि रिकाम्या पोटी बसू नका.

आणि एक शेवटचं. बेत आखताना एक दिवस पूर्ण कोरा सोडा. त्या दिवशी कुठलं तिकीट नको, गजर नको. सकाळी उठल्यावर चहा घेत एकमेकांना विचारा, 'आज काय करूया?' घरी हा प्रश्न विचारायला वेळच कुठे मिळतो?