'आधी चालू दे, मग आणा!'

गेल्या जूनमधली गोष्ट. सबमिशन, ओरल असं सगळं उरकून घरी गेलो, तर ताई भाच्याला घेऊन आलेली. नेहमी बडबड करणारी ताई गप्प होती. आईनं खुणेनंच सांगितलं, आत्ता काही विचारू नको.

रात्री जेवणं झाल्यावर कळलं. चार वर्षांच्या भाच्याला घेऊन ती एका शाळेत बालवर्गासाठी गेली होती. बाईंनी त्याला नाव विचारलं, त्याला सांगता आलं नाही. उभं राहा म्हटलं, त्याला उभं राहता आलं नाही. पाच मिनिटांत निकाल लागला. "आधी चालू दे, बोलू दे, मग आणा." आमच्या एम-थ्रीच्या पेपरलासुद्धा तीन तास देतात हो!

भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे. हा काही संसर्गजन्य रोग नाही आणि मागच्या जन्मीचं पापही नाही. बाळाचा मेंदू वाढत असताना, म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकर, त्याला इजा झाली की हालचालींवरचा ताबा बिघडतो. वेळेआधी जन्म, ऑक्सिजन कमी पडणं, तीव्र कावीळ, जंतुसंसर्ग अशी कारणं असू शकतात. मेंदूतली इजा वाढत नाही, पण लक्ष दिलं नाही तर स्नायू आखडत जातात आणि सांधे वाकडे होतात. कुणाचे स्नायू ताठ असतात, कुणाच्या हालचाली आपोआप होतात, कुणाचा तोल जातो. काहींना फिट्स येतात, काहींना शिकायलाही जड जातं. पण नुसतं शरीराकडे बघून बुद्धी ठरवता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर मॉनिटर बिघडला म्हणून सीपीयू भंगारात टाकायचा नसतो.

भाच्याला सगळं कळतं. 'हो' म्हणायचं असेल तर तो डोळे वर करतो, 'नाही' असेल तर मान वळवतो. बाईंनी "हा चेंडू लाल आहे का?" एवढंच विचारलं असतं, तर पठ्ठ्या पास झाला असता!

मग शाळेची तयारी म्हणजे नेमकं काय? ताईबरोबर मी फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो, तेव्हा माझेही बरेच गैरसमज गेले. मला वाटायचं, व्यायाम करून करून पोरगं चालायला लागलं की झाली तयारी. मॅडम म्हणाल्या, "चालणं कधी येईल, येईल की नाही, त्यासाठी शाळा थांबवू नका. त्याला बसवायला शिका." नीट आधार देऊन बसवलं की मान स्थिर राहते, हात मोकळे होतात, नजर फळ्यावर टिकते. दुसरी गोष्ट, हो-नाही सांगायची एक पक्की खूण, जी आईशिवाय दुसऱ्यालाही कळेल. मग चित्रांचा तक्ता, म्हणजे पाणी, शू, भूक, दुखतंय अशी चित्रं, ज्यावर तो बोट किंवा नजर ठेवेल. शू-शीची वेळ ठरवणं, दुसऱ्याच्या हातून डबा खाणं, आई नसताना तासभर राहणं, चार पोरांच्या गोंगाटात न घाबरणं, ही झाली तयारी. यात 'चालणं' कुठंच नाही.

बसण्यासाठी मॅडमनी कॉर्नर चेअर सांगितली. दोन फळ्या काटकोनात जोडून केलेली पाठ, त्यामुळे खांदे मागे ओढले जात नाहीत. पाय एकमेकांवर चढू नयेत म्हणून मध्ये खुंटी, आणि पुढे ट्रे. मी म्हटलं, हात्तिच्या, हे तर फर्स्ट इयरच्या कार्पेंटरी जॉबसारखं आहे! गल्लीतल्या सुतारकाकांना धरलं आणि दोन दिवसांत खुर्ची तयार केली. भाच्याला बसवलं आणि तो घसरून अर्धा खाली! सीट चार बोटं जास्त खोल झाली होती. कंबर मागे टेकेना, पाय लोंबकळायला लागले, अंग ताठ झालं, आणि पोरगं रडायला लागलं. माप मी 'अंदाजे' घेतलं होतं. जर्नलमध्ये रीडिंग ढापायची सवय, दुसरं काय!

दुसऱ्यांदा मॅडमसमोर टेप घेऊन बसलो. कमरेच्या मागून गुडघ्याच्या मागपर्यंत माप, त्यातून दोन बोटं वजा. पावलं टेकायला फळी. कंबर, गुडघा, घोटा, तिन्ही काटकोनात. त्या खुर्चीत भाचा बसला आणि त्यानं ट्रेवरची वाटी स्वतः ढकलून पाडली. ताई रडली. वाटी पाडली म्हणून कुणी आनंदानं रडलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

आज तो दुसऱ्या एका बालवाडीत जातो. खुर्ची तिथंच ठेवलीये. तिथल्या बाईंनी कसलंही विशेष प्रशिक्षण घेतलेलं नाही, फक्त "करून बघू" म्हणाल्या.

आता मुद्द्याचं. १९७२ साली मिठू आलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, कारण त्यांच्या मुलीसाठी, मालिनी चिबसाठी, योग्य शाळाच नव्हती. ती मालिनी पुढे लंडनला जाऊन पदव्युत्तर शिक्षण घेऊन आली आणि एका बोटानं टाइप करून तिनं स्वतःचं पुस्तक लिहिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ठरावीक प्रमाणापुढे अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत अशा विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागाही ठेवायला सांगितल्यात. कायदा आहे, पण सहाव्या वर्षापर्यंत पोचायच्या आधीच "मग आणा" म्हणून परत पाठवलं, तर पुढचे टक्के काय चाटायचे?

आणि शाळेला नावं ठेवताना स्वतःकडेही बघू. आपल्या हॉस्टेलच्या दारात तीन पायऱ्या आहेत, मेस वरच्या मजल्यावर, रॅम्प नाही. उद्या भाचा सीईटी देऊन इथं आला, तर आपणही त्याला तेच सांगणार का, "आधी चालू दे"?

माझं म्हणणं साधं आहे. दरवर्षी आपण लाइन फॉलोअर रोबो बनवतो, व्हायवा झाला की तो कपाटात धूळ खातो. त्याऐवजी दोन-तीन ग्रुपनी जवळच्या थेरपिस्टना विचारून खुर्च्या, उभं राहायच्या फ्रेम, जाड पेन्सिलींचे ग्रिप, बटण दाबलं की बोलणारे तक्ते करावेत. वर्कशॉप महिन्यातून एक शनिवार उघडं ठेवावं, एवढी सरांना विनंती. आणि आपल्या दारातल्या तीन पायऱ्यांना रॅम्प. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे सिव्हिलवाल्यांना मी काय सांगू!

भाचा इथं यायला अजून तेरा-चौदा वर्षं आहेत. एवढी लांबची डेडलाइन आपल्याला आजवर कुठल्याच सबमिशनला मिळालेली नाही. फक्त माप अंदाजे घेऊ नका.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी